छाटणीआधी

नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात एक शेतकरी होता. त्याची ३ एकर द्राक्षबाग होती. २ एकर ओढ्याकाठी आणि १ एकर वर माळाला. सगळी बाग थॉमसन जातीच्या द्राक्षांची. शेतकऱ्याला एकच मुलगा होता. तो पुण्याला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होता. गावातली माणसं त्याला आत्तापासूनच इंजिनिअर म्हणून हाक मारत.

गणपती उठून आठ दिवस झाले होते. त्या दुपारी विद्यापीठाचा निकाल लागला. मुलाने मोबाइलवर आपला नंबर टाकला. पान लवकर उघडेना. शेवटी उघडलं. चार विषय राहिले होते. एकात तर १०० पैकी ११ गुण होते. पुढच्या वर्षाला जाण्यासाठी एटीकेटीची जी मर्यादा होती, ती ओलांडली गेली होती. ईयर डाऊन.

मुलाने पान बंद केलं. पुन्हा उघडलं. तेच गुण दिसले. खोलीतले दोघे मित्र पास झाले होते. ते बाहेर जाऊन एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागले. मुलाने पिशवी भरली आणि संध्याकाळची एसटी धरली.

घरी पोचला तेव्हा रात्र झाली होती. आईने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ताट वाढलं. मुलगा ताटासमोर बसून राहिला.

"आई, मी नापास झालो," तो म्हणाला. "वर्ष गेलं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने भाकरी मोडून त्याच्या पुढ्यात ठेवली. "आधी जेव," ती म्हणाली. "उपाशीपोटी काही सुचत नाही."

शेतकरी रात्रीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला गेला होता. तो परत आला. आईने त्याला दारातच सांगितलं. त्याने पाय धुतले, आत आला आणि मुलाजवळ बसला.

"मग? काय ठरवलंस?" त्याने विचारलं.

"कॉलेज सोडतो, अण्णा. माझं डोकं नाही त्यात. तुमची फी वाया गेली. आता बागेत काम करतो."

"बागेला माणूस हवाच आहे," शेतकरी म्हणाला. "पण एवढ्यात काही ठरवू नकोस. छाटणी तोंडावर आली आहे. छाटणी होऊ दे, मग सांग. तोवर माझ्याबरोबर राहा."

मुलाने मान हलवली. त्याला वाटलं, अण्णा आपली समजूत काढत आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधापलीकडून मोठा आवाज आला. शेजाऱ्याने जेसीबी बोलावला होता. तो आपली माळावरची बाग काढत होता. मांडवाच्या तारा सोडून झाल्या होत्या. यंत्र एकेक वेल बुंध्यापासून उपटून कडेला टाकत होतं.

गेल्या हंगामात दोघांच्याही माळावरच्या बागा फेल गेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली, फुटी निघाल्या, पण घड निघालेच नाहीत. कुठे घडांच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलाचे तणावे, आल्या. कुठे घड दिसले आणि चार दिवसांत जिरून गेले. औषधांचे पैसेसुद्धा निघाले नव्हते.

शेतकरी बांध ओलांडून गेला. "भाऊ, आठ दिवस थांबा," तो म्हणाला. "मुळी बघा. काडी तपासून आणा. मग काढायची तर काढा."

"आता काय तपासायचं राहिलंय?" शेजारी म्हणाला. "गेल्या वर्षी काय झालं ते ह्या डोळ्यांनी पाहिलं. आता परत छाटणीचा खर्च, परत पेस्टचा खर्च, परत फवारण्या आणि परत हात रिकामे. नको मला ही बाग."

शेतकरी गप्प झाला. त्याने उपटलेल्या एका वेलाची मुळं हातात घेतली. माती झटकली. जाड मुळांना सगळीकडून बारीक मुळ्या फुटल्या होत्या. त्या पांढऱ्या आणि ओल्या होत्या. त्याने एक मुळी मोडून मुलाच्या हातावर ठेवली. शेजारी दुसरीकडे बघत होता. यंत्र चालूच राहिलं.

परत येऊन शेतकऱ्याने कुदळ घेतली आणि आपल्या माळावरच्या बागेत गेला. ठिबकच्या नळीजवळ त्याने वीतभर उकरलं. तिथेही पांढरी मुळी होती.

"वेल जिवंत आहे," तो म्हणाला. "आता काडी बघू."

बापलेक तपासणीसाठी काड्या गोळा करायला लागले. मुलगा रांगेतून पुढे जाई आणि जाड, गोल, तपकिरी झालेली काडी पाहून कापी. शेतकऱ्याने त्याला थांबवलं.

"चांगल्या बघून घेऊ नकोस. बारीक पण घे. कडेच्या वेलाची घे, सावलीतली पण घे."

"का? तपासायला चांगली काडी न्यायला नको?"

"चांगल्याच नेल्या तर अहवाल चांगला येईल. माल मात्र तसा येणार नाही. जशी बाग आहे, तशी काडी न्यायची."

त्यांनी ओढ्याकाठच्या काड्यांची एक जुडी बांधली आणि माळावरच्या काड्यांची दुसरी. दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या. जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि मोटारसायकलवरून पिंपळगाव बसवंतला नेल्या. तिथे एक लहान प्रयोगशाळा होती. एक तरुण मुलगी सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. तिने काडीवरचा पहिला डोळा ब्लेडने आडवा कापला, भिंगाखाली धरला, काहीतरी लिहिलं. मग दुसरा कापला. मग तिसरा.

मुलगा बराच वेळ बघत उभा होता. तिने त्याला जवळ बोलावलं. "बघायचंय?"

त्याने भिंगाला डोळा लावला. कापलेल्या डोळ्याच्या मधोमध फिकट हिरवा उंचवटा होता. त्याला बाजूने बारीक गाठी आल्या होत्या.

"हा घड," ती म्हणाली. मग तिने दुसरा काप ठेवला. इथे उंचवटा निमुळता होता. गाठी नव्हत्या. "ही बाळी. सुरुवातीला दोन्ही एकच असतात. ऊन आणि अन्न मिळालं तर घड होतो. नाही मिळालं तर बाळी होते."

"हे ठरतं कधी?"

"एप्रिलच्या छाटणीनंतर दोनेक महिन्यांत. तुम्हाला ते दिसतं ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर. पण ठरलेलं असतं उन्हाळ्यातच."

शेतकरी म्हणाला, "गेल्या वर्षी मे महिन्यात आभाळ भरलेलं होतं, ताई. त्यात मी माळाला नत्र जास्त दिलं. पाला माजला. काडीला ऊनच लागलं नाही. यंदा वेळेवर विरळणी केली."

"ते दिसतंय," ती म्हणाली. "यंदा घड आहेत. पण काका, जागा वेगळी आहे. ओढ्याकाठच्या बागेत चौथ्या-पाचव्या डोळ्यात घड आहेत. माळावरच्या बागेत चौथा डोळा रिकामा आहे. घड सहाव्या-सातव्या डोळ्यात आहेत. तिथे लांब छाटा."

शेतकरी अहवालाकडे बघत राहिला. "गेल्या वर्षी मी दोन्हीकडे चौथ्यावरच छाटलं होतं," तो म्हणाला. "नेहमी तसंच छाटतो म्हणून. म्हणजे जे थोडे घड असतील, तेही मी कापून टाकले."

परतताना दोघे चहाला थांबले. मुलाच्या मनात एक प्रश्न होता. "अण्णा, सगळेच डोळे रिकामे निघाले असते तर?"

"तर पुढचा विचार केला असता. वेल म्हातारा असता, मुळी काळी पडली असती, तर बागही काढली असती. बाग काढण्यात पाप नाही. न बघता काढू नये."

थोड्या वेळाने शेतकऱ्याने विचारलं, "तुम्हाला तुमचे पेपर बघायला मिळतात का रे?"

"मिळतात. छायाप्रत मागवता येते. पैसे भरून ऑनलाइन अर्ज करायचा."

"तू बघितलेस?"

"नाही. गुण तर दिसले."

शेतकऱ्याने चहाचे पैसे दिले आणि गाडी चालू केली. तो आणखी काही बोलला नाही.

त्या रात्री मुलाने मोबाइल उघडला. छायाप्रतीच्या अर्जाला तीन दिवस उरले होते. त्याने काँक्रीटच्या विषयापुढे खूण केली. त्यात त्याला ३१ गुण होते. पास व्हायला ४० लागत होते. भूशास्त्रापुढेही केली. गणितापुढे त्याचं बोट थांबलं. गणितात ११ होते. ती उत्तरपत्रिका त्याला पुन्हा डोळ्यांसमोर नको होती. स्ट्रक्चर्सचीही नको होती.

मग त्याला काड्यांची जुडी आठवली. त्याने चारही विषयांपुढे खूण केली आणि पैसे भरले.

छाटणी सुरू झाली त्याच आठवड्यात उत्तरपत्रिका आल्या. पेठकडची छाटणीची टोळी बागेत कामाला लागली होती. मुलगा दुपारी शेडमध्ये जाऊन बसला. त्याने गणिताची उत्तरपत्रिका आधी उघडली.

पहिल्या पानावर त्याचं अक्षर नीट होतं. गणित बरोबर मांडलं होतं. सूत्रही बरोबर होतं. मग इंटिग्रेशन आलं आणि तिथे गाडं अडलं. दुसऱ्या गणितातही तसंच. मांडणी बरोबर आणि इंटिग्रेशनपाशी काट. तिसरं त्याने अर्ध्यात सोडलं होतं. पुढची पानं कोरी होती.

त्याने स्ट्रक्चर्सची उत्तरपत्रिका उघडली. तिथेही तेच. आकृत्या बरोबर होत्या, बलं नीट दाखवली होती आणि जिथे इंटिग्रेशन लागत होतं तिथे तो चुकला होता. आपण दोन विषयांत नापास झालो, असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो एकाच ठिकाणी दोनदा अडखळला होता.

भूशास्त्रात वेगळं होतं. त्याला उत्तरं येत होती. पण जिथे आठ गुणांचा प्रश्न होता, तिथे त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. एकही आकृती काढली नव्हती. काँक्रीटमध्ये शेवटचे दोन प्रश्न राहून गेले होते, वेळ संपला होता. आणि मधल्या एका उत्तराला गुणच दिलेले नव्हते.

मुलगा संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. त्याने एका कागदावर चार ओळी लिहिल्या. प्रत्येक विषयापुढे काय चुकलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो गावातल्या निवृत्त गुरुजींकडे गेला. त्यांनी त्याला बारावीला गणित शिकवलं होतं. नापास झाल्याचं त्यांना सांगताना त्याचा आवाज बसला. गुरुजींनी चष्मा लावला आणि उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"हे ह्या वर्षी चुकलेलं नाही," ते म्हणाले. "तुझं बारावीचंच इंटिग्रेशन कच्चं आहे. तेव्हा तू नमुन्याचे प्रश्न पाठ केलेस आणि गुण मिळवलेस. पहिल्या वर्षी तसंच ढकललंस. आता पाठांतर पुरलं नाही."

"आता होईल का, सर?"

"बारावीचं पुस्तक घेऊन ये. सकाळी सहाला. रोज."

मुलगा घरी आला. शेतकरी माळावरच्या बागेत होता. छाटणारे सातव्या डोळ्यावर कात्री लावत होते. मुलगा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"अण्णा, छाटणी झाली की सांग म्हणाला होतात."

"सांग."

"कॉलेज सोडत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला परत परीक्षा आहे. तोवर इथेच राहतो. सकाळी गुरुजींकडे इंटिग्रेशन करतो. भूशास्त्राची उत्तरं घड्याळ लावून पूर्ण लिहून काढतो, आकृत्यांसकट. काँक्रीटचे जुने पेपर वेळेत सोडवतो. एका उत्तराला गुण दिलेले नाहीत, तेवढ्या एकाच विषयाला पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो. बाकीच्यांना करत नाही. तिथे चूक माझीच आहे."

"आणि सर्व्हेइंगमध्ये किती होते?" शेतकऱ्याने विचारलं.

मुलगा क्षणभर थांबला. त्या विषयात त्याला ७८ होते. निकालाच्या दिवसापासून त्याने ते पुन्हा पाहिलेही नव्हते.

"परीक्षा झाली की तालुक्याला मोजणी करणाऱ्यांकडे जाऊन विचारतो," तो म्हणाला. "जून-जुलैपर्यंत वर्ग नाहीत. हाताखाली घेतात का बघतो."

"आणि ह्या वेळी नाही जमलं तर?"

"तर पुन्हा पेपर मागवीन. पुन्हा बघीन. तेव्हा सोडायचं ठरलं, तर का सोडतो ते तुम्हाला सांगून सोडीन."

शेतकऱ्याने मान डोलावली. "आईला सांग जा," तो म्हणाला. "ती सणावाराला पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून घोर लावून बसलीय. तिला म्हणावं, जे आहे तेच सांग."

दिवाळीला पाहुणे आले. त्यांनी विचारलं. मुलाने स्वतःच उत्तर दिलं, "चार विषय राहिलेत. वर्ष गेलं. परत देतोय." पाहुण्यांनी हळहळ व्यक्त केली, फराळ खाल्ला आणि दुसरे विषय काढले. ज्या प्रश्नाची त्याला निकालापासून धास्ती होती, तो एवढ्यात संपला.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला. ३१ चे ३४ झाले. त्याने नोंद केली आणि पुन्हा अभ्यासाला बसला.

हिवाळी परीक्षा झाली. भूशास्त्र सुटलं. काँक्रीट सुटलं. गणित ४३ गुणांनी सुटलं. स्ट्रक्चर्स राहिलं. मुलाने पुन्हा छायाप्रत मागवली. ह्या वेळी इंटिग्रेशन बरोबर होतं, वेळ कमी पडला होता. उन्हाळी परीक्षेत तोही विषय सुटला. मधले महिने त्याने मोजणी करणाऱ्यांबरोबर रानोमाळ दुर्बीण आणि पट्टी धरून काढले. पुढच्या वर्षी तो तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसला. त्याचे जुने मित्र एक वर्ष पुढे गेले होते. ते वर्ष काही परत आलं नाही.

माळावरच्या बागेत त्या हंगामात घड आले. ओढ्याकाठच्या बागेइतके आले नाहीत, पण खर्च निघून चार पैसे हाती राहिले.

शेजाऱ्याने त्याच जमिनीत पुन्हा द्राक्षंच लावली. आधी डॉगरिजची खुंटरोपं लावली. ती वाढल्यावर त्यांवर थॉमसनची कलमं भरली. पहिला माल हाती यायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. त्या पहिल्या मालाच्या छाटणीआधी तो शेतकऱ्याकडे आला आणि म्हणाला, "पिंपळगावला काड्या घेऊन कधी जाताय? माझीही एक जुडी न्या."

तात्पर्य : किती कमी पडलं ते निकाल सांगतो, कुठे आणि कशामुळे ते आपल्यालाच शोधावं लागतं. म्हणून निकालाच्या दिवशी पुढचं ठरवू नये. आधी आपली उत्तरपत्रिका उघडून बघावी. मग पुन्हा परीक्षा द्यायची की वाट बदलायची, ते ठरवावं.